एकोणिसाव्या पानावर थांबलेली प्रत

मी नमुना प्रत बोलतेय. बंद कपाटातून बोलतेय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल, तेवढं सांभाळून घ्या.

दुकानातल्या पुस्तकाला गिऱ्हाईक असतं, वाचनालयातल्या पुस्तकाला वाचक असतो. नमुना प्रतीच्या वाट्याला फक्त तपासणी येते. माझ्या पहिल्याच पानावर जांभळा शिक्का आहे, ‘नमुना प्रत, विक्रीसाठी नाही’, आणि त्याखाली निळ्या शाईत क्रमांक आहे, एकशे सदतीस. नाव विचाराल तर ‘मेंढीपासून घोंगडीपर्यंत’. पानं चोवीस, चित्रं रंगीत, वयोगट आठ ते अकरा.

मला लिहिणारी बाई मेहनती होती. घोंगड्या विणणाऱ्या सनगरांच्या घरी ती आठ दिवस जाऊन राहिली, मागाशेजारी बसून तिने सगळं टिपून घेतलं. त्यामुळे माझी मागची पानं पक्की आहेत. मेंढ्यांकडे जायला मात्र तिला वेळ झाला नाही. तो भाग तिने कुठल्याशा परदेशी पुस्तकावरून उतरवला, आणि चित्रकाराने मेंढ्याही तिथल्याच बघून काढल्या. पांढऱ्याशुभ्र, गुबगुबीत, भोवती गुडघाभर हिरवं गवत. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. माहितीचं पुस्तक म्हणजे खरं बोलणारं पुस्तक, अशी माझी समजूत होती. तिचा मला तोराही होता. छापखान्यात शेजारच्या गठ्ठ्यात राजाराणीच्या गोष्टी होत्या, त्यांच्याकडे मी नाक वर करूनच बघायचे.

तिथून मी सोलापूरला आले. इथे एक संस्था आहे, ती दर वर्षी जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांना मुलांसाठी माहितीची पुस्तकं देते. कोणती द्यायची हे तिघांची समिती ठरवते. समितीचे अध्यक्ष उदयसिंह सर. कपाटाच्या किल्ल्या, चहा, नोंदवही आणि सगळ्यांची मर्जी सांभाळणारे नबीसाब. आणि माझ्यासारखी दोनशे पुस्तकं, टेबलावर पाठीला पाठ लावून.

तपासणी कशी चालते ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्या सदस्यांनी मला हातात घेऊन वजन बघितलं, मधलं एक पान अंगठ्याने चोळलं, म्हणाले, “कागद चांगला आहे.” मग मूल्यमापनाचं पत्रक भरायला घेतलं. मुखपृष्ठ, दहापैकी नऊ. भाषा, नऊ. माहितीची अचूकता, साडेनऊ. शेवटचा रकाना होता ‘मुलांना आवडेल का?’ त्यात त्यांनी लिहिलं, ‘होय’. दोनशे पुस्तकांच्या पत्रकांत हा रकाना भरला गेला, पण त्या खोलीत मी एकदाही मूल पाहिलं नाही. येऊच देत नसत. नमुना प्रत स्वच्छ राहिली पाहिजे, तिच्यावर खूण करायची नाही, मुलांच्या हातात द्यायची नाही, असा नियमच होता आणि तो भिंतीवर चिकटवलेला होता.

तिसऱ्या सदस्य रुद्राणीबाई. तेहेतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, नवी पेठेच्या मागच्या गल्लीत कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. मुलगी हैदराबादला, तिचा फोन रविवारी. बाकीचे सहा दिवस बाई पुस्तकांशी बोलायच्या. मला घरी नेण्याची परवानगी त्यांनी ‘सविस्तर वाचनासाठी’ म्हणून काढली, आणि मी रिक्षातून, पिशवीतल्या मेथीच्या जुडीशेजारी बसून, पहिल्यांदा कुणाच्या तरी घरी गेले.

बाईंची तपासायची रीत वेगळी होती. आधी शेवटचं पान, लिहिणाऱ्याने कुणाकुणाला विचारलं ते बघायचं. मग आत शिरायचं आणि आपल्याला स्वतःला पक्की माहीत असलेली एक तरी गोष्ट त्यात शोधायची. ती बरोबर निघाली तरच बाकीच्यावर विश्वास. पण माझ्यापाशी येऊन बाई अडल्या.

“मेंढीचं मला काय कळतंय?” त्या मला मोठ्याने म्हणाल्या. “अक्कलकोटात आमचं किराणा दुकान. मेंढरू मी बघितलं ते रस्त्यात आडवं आल्यावरच.”

अचूकतेचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. असा कोरा ठेवणारं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं.

दुपारी भांडी घासायला गोजरबाई आल्या. सांगोल्याच्या पुढच्या एका वस्तीवरच्या. मुलगा सोलापुरात गाडी चालवायला लागला म्हणून त्या नातीला घेऊन इकडे आलेल्या, नवरा महिपती मात्र मेंढरं घेऊन गावाकडेच. नातीचं नाव सृष्टी, चौथीतली. आजीचं काम होईपर्यंत ती उंबऱ्याशी बसून राहायची. बाईंनी तिला आत बोलावलं आणि मला तिच्या हातात दिलं.

तिचे हात ओले होते. माझ्या मुखपृष्ठावर चार बोटं उमटली. नियम मोडला, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

सृष्टी चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाई, ही कुनाची मेंढरं?”

“का गं?”

“आमची काळी हैत. आनि येवडं गवात कुटं असतंय?”

माझा सगळा तोरा त्या एका वाक्यात उतरला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “पुढं वाच. मोठ्यांदा वाच, आजीला ऐकू जाऊ दे.”

ती बोट ठेवून वाचू लागली. नवव्या पानावर आली. ‘मेंढीची लोकर वर्षातून एकदा कातरतात.’ मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला.

“कोन म्हनतंय येकदा?” गोजरबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “वर्सातनं दोनदा कातरत्यात की. येकदा कातरून भागतंय व्हय?”

“पुस्तकात लिहिलंय आजी.”

“पुस्तकानं कदी मेंढरू धरलंय का?”

नव्हतं धरलं. मला पानात तोंड लपवावंसं वाटलं. सृष्टीने बाईंकडे बघितलं, बाईंनी तिच्या हातात पेन्सिल दिली. तिने ‘एकदा’ या शब्दावर हलकी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘दोनदा. आजी म्हणते.’ अक्षर वाकडं आहे, पण माझ्या चोवीस पानांत कुणी माणसाने हाताने लिहिलेले तेवढेच तीन शब्द आहेत.

चार दुपारी हे चाललं. ती वाचायची, आजी मधूनच सांगायची. कोकराच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात, हे माझ्यात होतं, त्यावर गोजरबाईंनी मान डोलावली, “हे मातुर खरं हाय.” मी केवढी खूश झाले! बाई शेंगा पुढ्यात ठेवून ऐकत बसायच्या. त्या घरात एरवी भिंतीवरच्या घड्याळाखेरीज कुणाचा आवाज नसायचा. चौथ्या दिवशी तर बाईंनी दोनदा चहा केला, कुणी मागितला नसताना.

त्याच दिवशी सृष्टी एकोणिसाव्या पानाच्या तळाशी पोचली. तिथे लिहिलं आहे, ‘सूत कातून झालं. पण मागावर घेण्याआधी त्याला एक पदार्थ लावावा लागतो. तो तुमच्या स्वयंपाकघराच्या आसपासच सापडेल. ओळखा पाहू! आणि मग पान उलटा.’

“आजी, काय लावत्यात?”

गोजरबाई विचारात पडल्या. “ते सनगराचं काम गं. आमी लोकर द्याची, घोंगडी घ्याची. मदलं मला काय ठावं?”

साठ वर्षं घोंगडी पांघरणाऱ्या बाईला जे ठाऊक नव्हतं ते माझ्यापाशी होतं. पुढच्याच पानावर होतं. तिने माझी चूक दाखवली होती, आता तिला काहीतरी द्यायची माझी पाळी होती. आजीने पानाला हात घातला, तशी सृष्टी म्हणाली, “थांब, उलटू नगं. उद्यापतुर मी वळकून दावते.” तिने फ्रॉकच्या खिशातून काळ्या लोकरीचा धागा काढला, आजोबांनी दिलेला, आणि खूण म्हणून त्या पानात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सृष्टी वाचायला बसतेय तोच नबीसाब आले. “बाई, मीटिंग आजच घेतलीय सायबांनी. पुस्तक घिऊन बोलीवलंय.”

सृष्टीचा चेहरा पडला. बाई तिला म्हणाल्या, “मंगळवारी परत आणते. माझा शब्द.”

मीटिंगमध्ये दोघा सदस्यांची पत्रकं आधीच भरलेली होती, मला शंभरपैकी ब्याण्णव गुण होते. बाई गप्प बसल्या असत्या तर मी त्या दिवशी निवडली गेले असते, माझ्या शेकडो बहिणी गावोगावी पोचल्या असत्या, आणि मी सृष्टीकडे परत गेले असते. मी मनात म्हणत होते, गप्प बसा हो बाई. पुस्तकाच्या तोंडी हे शोभत नाही, पण खरं तेच सांगते.

बाई बोलल्या. चित्रं चुकली आहेत, कातरणीची माहिती चुकली आहे.

उदयसिंह सर वैतागले. “बाई, एकदा कातरली काय नि दोनदा काय, मुलांना काय फरक पडतो?”

“सर, ज्या मुलीच्या घरी मेंढरं आहेत तिला पडतो. ती म्हणेल, पुस्तकात आहे म्हणजे आपली आजी खोटी.”

“पण हे तुम्हाला सांगितलं कुणी? संदर्भ काय?”

बाईंकडे दुसरा पुरावा नव्हता. त्यांनी मला उघडलं आणि नववं पान सरांसमोर धरलं. ‘दोनदा. आजी म्हणते.’

सगळे आधी ते वाचून हसले, आणि मग सरांचं लक्ष पेन्सिलीकडे, बोटांच्या डागांकडे गेलं. नमुना प्रत मुलांच्या हातात दिली? तिच्यावर लिहू दिलं? सरांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. ठरलं ते असं, प्रकाशकाला चुका कळवाव्यात, आणि ही खराब झालेली प्रत यापुढे कपाटाबाहेर काढू नये. बाईंनी मला परत मागितलं, एकाच दिवसासाठी. पाच पानांसाठी. सर म्हणाले, “नियम म्हणजे नियम बाई.”

त्यानंतर बाई तीनदा आल्या. कपाटाच्या पत्र्यातून मला त्यांचा आवाज ओळखू यायचा.

“नबीसाब, एवढं एक पान बघू द्या. खळीचं काहीतरी होतं, मला नीट आठवत नाही. आठवेल तसं सांगितलं तर पुन्हा तीच चूक व्हायची.”

“मेरे हात में नहीं बाई. चावी सायबांकडं असती आता.”

तिसऱ्या खेपेला बाईंनी स्वतःच कपाटाची कडी ओढून बघितली. मग म्हणाल्या, “राहू द्या. गोजरबाई गावाकडं गेली, महिपती मेंढरामागं पडला नि पाय मोडला म्हणे. पोरगीपण गेली. जाताना विचारत होती, मंगळवार कुठला ते.”

पुढे बाईंना समितीचं बोलावणं गेलं नाही. चप्पल ओढत चालायची त्यांची सवय होती, तो आवाज मी अजून ऐकायला बघते. त्यांनी खरं सांगितलं म्हणून मला राग नाही. राग आला होता, पण तो गेला. त्या घरात आता दुपारी कोण वाचतं हे मात्र सारखं मनात येतं.

वर्षभराने कपाट उघडलं आणि माझ्या शेजारी एक नवं पुस्तक उभं राहिलं. नाव माझंच. मेंढ्या काळ्या, भोवती खडकाळ माळ. नवव्या पानावर छापलेलं, ‘वर्षातून दोनदा’. शेवटी आभार, ‘सोलापूर येथील तज्ज्ञ समितीचे’. आजीचं नाव नाही, सृष्टीचं नाही, रुद्राणीबाईंचंही नाही. माझी ही धाकटी बहीण निवडली गेली. स्वतः मात्र शिक्का घेऊन माझ्याचसारखी इथे अडकली आहे, आणि अजून एकाही मुलाने तिला हात लावलेला नाही. ती मला विचारते, ओली बोटं लागली की कसं वाटतं. मी सांगत बसते.

तिच्या बाकीच्या प्रती शाळांना गेल्या. यादीत सांगोल्याकडच्या शाळा आहेत असं नबीसाब कुणाला तरी सांगत होते. सृष्टीची शाळा त्यात आहे का, ते काही कळलं नाही.

आता माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. नव्या प्रती आल्या की जुन्या रद्दीत जातात, या खेपेला माझी पाळी येईल. जायचं तर जाईन. पण तुम्ही इथपर्यंत ऐकलंत तर एक काम करा. मुलांसाठी पुस्तक निवडायला बसाल तेव्हा एक मूल आत बोलवा, हात ओले असले तरी. आणि सांगोल्याच्या पुढे एखाद्या वस्तीवर काळ्या मेंढरांमागे सृष्टी नावाची मुलगी दिसली तर माझा निरोप द्या. तिचा धागा मी पडू दिलेला नाही, एकोणिसाव्या पानातच आहे.

सृष्टी, चिंचोके गं. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून त्यांची खळ करतात आणि ती सुताला लावतात, म्हणजे सूत तुटत नाही. आजीलाही सांग.