दुसरीकडे हलवले आहे

ऑफिसात तिला सगळे टाचणी म्हणत. हे नाव पाडलं कुणी, ते आता कुणाला आठवत नाही, पण बसलं मात्र चपखल. तिच्या काकांची घड्याळांची अकरा दुकानं होती आणि फोनवरच्या नकाशात त्या अकरांच्या लाल टाचण्या जागच्या जागी राखणं हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण अकरा ठिकाणी दुकानाचं नाव अक्षराला अक्षर सारखं हवं, फोन नंबर बदलला की त्याच दिवशी नकाशात बदलायला हवा, सुट्टी असली तर आधी कळवायला हवी, आणि कुणी उपटसुंभानं त्याच दुकानाची दुसरी टाचणी लावून ठेवली तर ती हुडकून पहिलीत मिळवायला हवी. वर लोक तारे देणार, अभिप्राय लिहिणार. त्या प्रत्येकाला गोड शब्दांत उत्तर. एकदा एक टाचणी सरकली आणि रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या डोक्यावर जाऊन बसली. आठवडाभर लोक त्या न्हाव्याकडे घड्याळाचे सेल मागत होते. माणूस भला, शेवटी त्यानं सेल ठेवायला सुरुवात केली.

अकरांतलं पहिलं दुकान अप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. कागदोपत्री तेही काकांच्या कंपनीतच होतं, पण आजोबांच्या बाकावर, डोळ्याला भिंग लावून, चाळीस वर्षं बसले होते ते अप्पा. बाकी दहा दुकानांत घड्याळं विकली जात. बरी व्हायची ती इथे. आजारी लेकरू आईनं मांडीवर घ्यावं तसं ते घड्याळ हातात घेत, कानाशी नेत, आणि मगच उघडत. नकाशावर त्यांच्या दुकानाला सहाशे बारा अभिप्राय होते, बहुतेक पाच ताऱ्यांचे. लेकीनं हे सांगितलं तेव्हा अप्पा म्हणाले होते, “एवढ्या लोकांना लिहायला एवढा वेळ असेल, तर त्यांना घड्याळ कशाला लागतं?” त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा. फोन आला की बोलायचं, एवढंच त्याचं काम.

मग काकांनी मोठ्या रस्त्यावर काचेचं नवं दुकान काढलं, बारावं. चकचकीत, पण नकाशावर नुकतं जन्मलेलं. ना तारा, ना अभिप्राय. एके दिवशी दुपारी काका तिच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. दादाचं दुकान इकडे हलवलं असं दाखव, म्हणाले; म्हणजे त्याचे अभिप्राय आपोआप नव्या दुकानाच्या नावावर येतील.

“पण दुकान हललेलं नाही, काका.”

“तीन महिन्यांत जागेचा करार संपतोय. मग दादा इथेच येऊन बसणार. मी आज संध्याकाळी बोलतो त्याच्याशी. तू कर, बाकीचं माझ्यावर सोड.”

याच काकांनी तिला सायकल शिकवली होती, मागून धरलंय धरलंय म्हणत. तिनं पान उघडलं. तीन पर्याय होते: ‘उघडे आहे’, ‘कायमचे बंद’, ‘दुसरीकडे हलवले आहे’. तिनं तिसऱ्यावर बोट ठेवलं. पडद्यानं विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? तिनं हो म्हटलं. देवाला कुणाचा पत्ता विचारावा लागत नाही. माणसाला लागतो, आणि हल्ली तो फोन सांगेल तिकडेच चालू लागतो.

संध्याकाळी काका बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी अप्पांसमोर जेवायला बसताना तिच्या ओठांवर यायचं, आणि ती भाजी वाढून घ्यायची. दोघा भावांचं आहे, त्यांचं त्यांनी बघावं, असं ती मनाला सांगत राहिली.

गिऱ्हाईक तुटलं ते नळ बंद केल्यासारखं. आधी नवखे यायचे थांबले. मग जुन्यांनीही निघण्याआधी फोन पाहिला आणि ते मोठ्या रस्त्याला वळले. अप्पांना यातलं काय ठाऊक? त्यांनी दोष शोधला तो जिथे चाळीस वर्षं शोधत आले होते तिथेच, यंत्राच्या आत. आणि यंत्र म्हणजे त्यांचा हात. चहाच्या कपावर ते पंजा पसरून धरत आणि तिला विचारत, “हलतोय का गं?” ती नाही म्हणे. तुझे डोळे मायेचे, ते म्हणत. स्वतःचं मनगटी घड्याळ त्यांनी एका आठवड्यात तीनदा खोललं आणि तीनदा जोडलं. ते तर बरोबर चालायचं. मग एकदा हात धुताना, पाठमोरेच, म्हणाले, “कुणाचं तरी घड्याळ मी बिघडवून दिलं असणार. माणसं तोंडावर बोलत नाहीत, बाळ. यायची थांबतात.”

दुसऱ्या दिवशी ती तडक काकांच्या खोलीत गेली. तुम्ही बोलतो म्हणाला होतात, म्हणाली. काका अवघडले, चष्मा पुसला.

“आता बोलायचं तरी काय? तो स्वतःच म्हणतोय हात चालत नाही. आपण होऊन उठतोय तर उठू दे. त्यात त्याचा मान राहतो.”

त्यांना हे खरंच वाटत होतं, हेच वाईट.

ती आपल्या टेबलाशी परत आली आणि कुणाला न विचारता तिनं नकाशाच्या कंपनीकडे अर्ज भरला: हे दुकान हललेलं नाही. तिकडून उत्तर आलं की पुरावा द्या. एकाच दमात घेतलेला व्हिडिओ हवा. आधी गल्ली, मग पाटी, मग मालकानं स्वतःच्या किल्लीनं दार उघडताना, मग आत चालू असलेलं काम.

रविवारी सकाळी ती अप्पांना घेऊन दुकानात गेली. ऑफिसला फिल्म हवी आहे, एवढंच तिनं सांगितलं. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, दाढी दोनदा केली होती. कुलूप उघडताना ते किल्ली कॅमेऱ्याला दिसेल अशी धरून उभे राहिले, बक्षीस घेतल्यासारखे. मग बाकावर बसले, भिंग लावलं आणि चिमट्यानं मोहरीहून बारीक स्क्रू उचलून जागेवर ठेवला. हात दगडासारखा स्थिर.

“आज बरा चालतोय,” ते हळूच म्हणाले.

तेव्हा सांगायला हवं होतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. पण तिला वाटलं, टाचणी परत लागेल, माणसं परत येतील, अप्पांचा हात आपोआप बरा होईल आणि न सांगताच सगळं निभावेल. तिनं फोन खिशात ठेवला आणि म्हणाली, छान दिसताय, अप्पा.

तपासणीला नऊ दिवस लागले. सातव्या दिवशी अप्पा भरदुपारी घरी आले. भिंग सदऱ्याच्या खिशात होतं. काकांना किल्ली देऊन आले होते. उगाच कुणाचं नुकसान नको, म्हणाले, आणि पाय धुवायला गेले. नव्या दुकानात येऊन बस असं काका एकदा म्हणाले, दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. बाक मात्र त्यांनी उचलून नेला आणि नव्या दुकानाच्या काचेत मांडला, वर पिवळा दिवा सोडून. जुनं काही दिसलं की गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो.

नवव्या दिवशी निरोप आला. अभिनंदन, तुमचे दुकान नकाशावर पुन्हा दिसू लागले आहे. व्हिडिओ समाधानकारक होता.

त्या संध्याकाळी तिनं अप्पांना सगळं सांगितलं. काकांचं बोलणं, तीन पर्याय, आपलं बोट. संपल्यावर अप्पांनी विचारलं,

“म्हणजे हाताचं काही नव्हतं?”

“नव्हतं, अप्पा.”

“आणि तुला हे कधीपासून ठाऊक?”

“पहिल्या दिवसापासून.”

त्यांनी टेबलावरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं झाकला.

“मी तुला रोज हात दाखवत होतो,” ते म्हणाले.

एवढंच. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात जुन्या दुकानाला नवा अभिप्राय आला, सहाशे तेरावा. एक तारा. ‘नकाशावर उघडं, प्रत्यक्षात कुलूप. वडील गेले, त्यांचं घड्याळ घेऊन लांबून आलो होतो. ते दुरुस्त करणारे आजोबा कुठे असतात, कुणी सांगेल का?’ काकांच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. ते दारातूनच म्हणाले की हा घोळ आधी निस्तर आणि होतं तसं करून टाक.

तिनं पान उघडलं. तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. तुम्हाला खात्री आहे का? तिनं हो म्हटलं. या वेळी त्यात खोटं काही नव्हतं. बाक काचेत होता आणि किल्ली काकांच्या ड्रॉवरमध्ये.

मग त्या माणसाला उत्तर लिहायला घेतलं. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य तयारच असायचं, ते चिकटवलं. मग त्याचा प्रश्न पुन्हा वाचला. घरचा पत्ता तिला पाठ होता. पण घरी अप्पा आता तिच्यासमोर घड्याळ उघडत नसत, आणि चहाचा कप घेताना हात टेबलाच्या कडेआड धरत.

तिनं ते वाक्य तेवढंच पाठवलं.