बर्फातली पोर मरत नाही

मूकपटाला आवाज देणारा माणूस म्हणजे साक्षात देव. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवतात. त्यांच्यात जीव घालणारा मी. ताकादा गावातल्या आमच्या चित्रगृहात हा देव खेळाआधी शेगड्यांत कोळसे भरायचा आणि बायकांना गाद्या झटकून द्यायचा.

त्या दुपारी तीन आंधळ्या गायिका, पुढचीच्या खांद्यावर मागचीचा हात, अशा येऊन पहिल्या रांगेत बसल्या. गावोगाव गाऊन पोट भरणारी टोळी, म्होरकी इसेबाई, पोरींची 'आई'. मी आधी पडद्याकडं पाहिलं. कारण पडद्यामागं शामिसेनच्या तारा छेडणारी आंधळी नात्सुयो याच टोळीतली. टोळीत पुरुष वर्ज्य; एका कासारावर जीव जडला म्हणून इसेबाईंनीच तिला हाकललेलं. कासार तीन महिन्यांत पळाला. तेव्हापासून तीन वर्षं ती माझ्या पडद्यामागं. परत घ्या म्हणायची तिची छाती होत नव्हती.

आणि चित्रपटही नेमका तसलाच : टोळीनं टाकलेली आंधळी पोर बर्फात मरते.

शेवटचं रीळ लागलं. पोर कोसळली. मागं शामिसेन अडखळली. मी घसा खाकरला.

"दमलीय बिचारी. जरा टेकलीय. आणि पाहा, पाहा, म्होरकी मागं वळली!"

पडद्यावर कुत्रंसुद्धा वळलं नव्हतं.

"मास्तर, मेली की ती!" टोफूवाला गेन्किची ओरडला.

"गेन्किची, चष्मा पुसा."

"मी चष्मा लावत नाही!"

"म्हणूनच."

बायकोनं त्याला चिमटा काढला. मग दोनशे माणसं मढ्याकडं बघत, नाकं ओढत, मायलेकींच्या भेटीचा सोहळा ऐकत राहिली.

दिवे लागले. इसेबाई जागच्या हलल्या नाहीत.

"थापा मारता, मास्तर. म्होरकी अशी वळत नसते. नियम असतो."

"चुकलं, मावशी."

"वाजवणारीची बोटं मी घडवलीत, कळत नाही होय मला?" त्यांनी पडद्याकडं तोंड केलं. "अगं ए! परत यायचं तर तुझ्या ज्येष्ठतेतली सात वर्षं कापीन. कालच्या पोरींच्या मागं, शेवटी चालावं लागेल."

पडद्यामागं काहीतरी धाडकन पडलं.

"चालेन, आई!"

"आधी ते वाद्य उचल."

चित्रगृह दणाणलं. गेन्किची ढसाढसा रडत सगळ्यांना सांगत सुटला, "मी म्हणत नव्हतो, जिवंत आहे म्हणून!"

इसेबाईंनी माझी बाही धरली. आता आशीर्वाद मिळणार, म्हणून मी वाकलो.

"मास्तर, दाराशी आमचे गवताचे जोडे आहेत, तेवढे हुडकून द्या. चार जोड."