लाकडी पिंपातलं द्राक्षासव

वरदराजने अमेरिकेहून येताना तीन बाटल्या आणल्या होत्या, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून. त्याच्या आई अंबुजाबाई लेकीला, जयलक्ष्मीला घेऊन उप्पिलिअप्पनच्या देवळात दर्शनाला गेल्या, तेव्हा त्याने त्या परसात विहिरीच्या कट्ट्यावर मांडल्या आणि वडिलांना हाक मारली.

वेणुगोपाळराव पुस्तकात बोट ठेवूनच बाहेर आले. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊनही ती सवय गेली नव्हती. बाटल्या पाहून त्यांनी आधी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं.

वरद केमिकल इंजिनियर होता. दोन वर्षांपूर्वी त्याने मोठ्या कंपनीतली नोकरी सोडली आणि तो बिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागला. ही गोष्ट त्याने फोनवर फक्त वडिलांना सांगितली होती. वेणुगोपाळराव "बरं" म्हणाले होते आणि फोन ठेवून बायकोला म्हणाले होते, तिकडे बर्फ पडतंय. तेव्हापासून गावात कुणी विचारलं की ते "केमिकल" एवढंच म्हणत आणि विषय बदलत.

"अप्पा, तुम्ही पिऊं नका. नुसतें चाखा," वरद म्हणाला. "बिअर एकच आहे. एक स्टीलच्या टाकींत ठेवली, एक व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत, एक वाइनच्या पिंपांत. पिंप ओकच्या लाकडाचें. तिकडे पुष्कळांनी चाखली. पण मला तुमची जीभ पाहिजे."

वेणुगोपाळरावांची जीभ सगळ्या गल्लीला ठाऊक होती. कॉफीचा घोट घेऊन ते चिकोरी किती, दूध सकाळचं की कालचं, हे सांगत. वैष्णवाच्या घरात, विहिरीच्या कट्ट्यावर असलं काही चाखावं की नाही, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण मुलाने त्यांच्याकडे इतक्या वर्षांत काहीच मागितलं नव्हतं. बहुधा म्हणूनच ते बसले.

वरदने काळीभोर बिअर काचेच्या पेल्यात ओतली. वेणुगोपाळरावांनी मान मागे टाकली, पेला वीतभर वर धरला आणि धार तोंडात सोडली. फेस नाकात गेला, धोतरावर सांडला. ते खोकत सुटले.

"वरून नाही, अप्पा! ओठ लावून. नाक पेल्यांत गेलें पाहिजे. अर्धी चव वासांतच आहे."

"उष्टें करूं म्हणतोस?"

"पेला तुमचाच आहे की. मग विहिरींत टाका."

जन्मात त्यांनी भांड्याला ओठ लावला नव्हता. काचेची थंड कड ओठांना लागली तेव्हा त्यांना कुणीतरी उघडं पाहिल्यासारखं झालं. पण वास आला, आणि ते हळूहळू सगळं विसरले.

"ही टाकींतली," ते पहिल्या पेल्याला म्हणाले. "बी जास्त भाजलेल्या कॉफीसारखी. कडू, पण सरळ." दुसरा पेला त्यांनी बराच वेळ नाकाशी धरला. "ह्यांत गूळ आहे. आणि नारळाची करवंटी चुलींत पेटल्यावर वास येतो बघ, तो. पण लाकूड वर बसलें आहे. आंत शिरलें नाही."

वरद उकिडवा बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. "करवंटी! सगळे व्हॅनिला व्हॅनिला करतात, अप्पा. करवंटी कुणी सांगितली नाही."

तिसऱ्या पेल्याचा घोट त्यांनी जिभेवर फिरवला. डोळे मिटले. ही सगळ्यांत चांगली होती, का ते आता शब्दांत बसत होतं, तेवढ्यात माजघरातून खणखणीत आवाज आला.

"काय हो राव! दार सताड उघडें टाकून बापलेक मागें काय करतां? कषाय-काढा पितां कीं काय?"

लक्ष्मीनारायणराव. दारासुरमला राहणारे, त्यांच्यासारखेच पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी, त्यांच्याच जातीतले, बँकेत अधिकारी. त्यांच्या मुलाशी जयलक्ष्मीच्या लग्नाचं चाललं होतं. पत्रिका जमली होती, फक्त त्यांचा शब्द यायचा होता.

वेणुगोपाळरावांनी घोट गिळला. वरद उठून उभा राहिला आणि वडिलांकडे वळला. काय सांगायचं ते वडिलांनी सांगावं, अशा बेताने तो थांबला.

"होय," वेणुगोपाळराव म्हणाले. "औषधच. द्राक्षासवासारखें. वरद त्या कारखान्यांत आहे ना. लाकडी पिंपांत मुरवतात."

"असें होय! आम्ही समजलों केमिकल."

"तेंच. औषधाचें केमिकल."

"मग द्या कीं थोडें. आमचा गुडघा महिनाभर बोलतो आहे." लक्ष्मीनारायणरावांनी दुसरा पेला उचलला, वर धरला आणि सराईतपणे घटाघटा रिकामा केला. मिशीला फेस लागला. त्यांनी मोठी ढेकर दिली. "अरे वा! वायु सुटला! काय रे वरदा, प्रमाण काय घ्यायचें?"

"जेवणानंतर दोन चमचे, मामा," वरद म्हणाला. आवाजात राग नव्हता. औषधाच्या दुकानातल्या माणसासारखा नम्र आवाज होता, आणि तो वेणुगोपाळरावांना सोसवला नाही.

"आणि राव, ह्या तिहींत गुणकारी कुठलें? तुमची जीभ तर नामांकित."

वेणुगोपाळरावांच्या तोंडात तिसरीची चव अजून होती.

"सगळीं सारखींच," ते म्हणाले.

वरदने पेले उचलले आणि विहिरीपाशी नेऊन विसळायला घेतले. लक्ष्मीनारायणराव तासभर बसले. जाताना म्हणाले, "मुलगा नम्र आहे हो. अशीं घरें आतां राहिलीं नाहीत."

रात्री जेवताना वरदने आईच्या वत्तकुळंबूची, त्या चिंचेच्या आंबट आमटीची तारीफ केली आणि बहिणीची थट्टा केली. वडिलांना त्याने एकदा ताक पाहिजे का विचारलं. तिसरीबद्दल काही विचारलं नाही. वेणुगोपाळरावांनी दोनदा तोंड उघडलं, पण समोर अंबुजाबाई होत्या.

दुसऱ्या दिवशी वरद मद्रासला निघायचा होता. तो आत बॅग भरत असताना शेजारच्या अलमेलु मामी ओसरीवर आल्या. हातात धुतलेली रिकामी बाटली. दारासुरमचे मामा काल जाताना त्यांच्या ओसरीवर टेकले होते आणि त्या औषधाचं फार कौतुक करत होते. गुडघा एकदम हलका झाला म्हणे. थोडंसं मिळेल का?

आतला बॅगेचा आवाज थांबला.

"मामी," वेणुगोपाळराव तमिळमध्ये म्हणाले. "ते औषध नाही. बिअर आहे. आमचा वरद बिअर बनवतो."

मामी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खांब धरावा लागला. "पेरुमाळे, देवा! या घरात बिअर! लायब्ररीवाले मामासुद्धा थट्टा करायला शिकले की! अंबुजा, ऐकलंस का?"

आता दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, नुसतं जरा मोठ्याने म्हणायचं होतं. पण मामी डोळे पुसत हसत होत्या, स्वयंपाकघरातून अंबुजाबाई "काय झालें?" म्हणत बाहेर येत होत्या, आणि वेणुगोपाळरावांनाही हसू आलं. म्हणजे ते हसले.

"संपलं, मामी," ते म्हणाले. "पुढच्या वेळी आणायला सांगतो."

आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मामी गेल्या तरी वेणुगोपाळराव ओसरीवरच उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून.