हात पाठीमागे

पहिल्याच दिवशी तिने डाव्याऐवजी उजवा हात पुढे केला. स्काउटमध्ये हस्तांदोलन डाव्या हाताने करतात हे तिला माहीत होतं. येताना बसमध्ये तिने ते तीनदा घोकलंही होतं. पण समोर प्रशिक्षणप्रमुख म्हणून उभा होता तो तिचा पोटचा मुलगा, आणि पोटच्या मुलाशी हात मिळवायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती.

"डावा," तो म्हणाला. "आणि इथे सगळे एकमेकांना अहो-जाहो करतात. तुम्हीपण करा."

"बरं," ती म्हणाली. "जेवलात का?"

रांगेतल्या बाकीच्या दहा जणांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण ही दोघं मायलेकरं आहेत हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

ते एक आंतरराष्ट्रीय स्काउट केंद्र होतं. तीन मजली वसतिगृह, मागे तंबूंचं मैदान, एक मोठं स्वयंपाकघर आणि निव्वळ झेंडे ठेवायची एक खोली. उन्हाळ्यात देशोदेशीची पोरं यायची आणि त्यांच्यासाठी चार महिन्यांपुरती माणसं घेतली जायची. चादरी धुवायच्या, संडास घासायचे, पोरांना टेकडीवर न्यायचं आणि शक्यतो तितकीच परत आणायची, असं एकूण काम. नवीन अकरा जणांपैकी दहा पंचविशीच्या आतले होते. ती चौपन्न वर्षांची होती. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून तिने एकतीस वर्षं काढली होती आणि त्या काळात कुणा विद्यार्थ्याला परीक्षानळी मागावी लागली नाही. मागायच्या आत ती हातात असायची.

मुलगा एकोणिसाव्या वर्षी इथे एका हंगामासाठी म्हणून आला आणि इथलाच झाला. सात वर्षांत तीनदा घरी आला. दर रविवारी फोन करायचा, आठ मिनिटं, त्यातली दोन हवापाण्याची. स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याच्या पुढच्या महिन्यात तिने केंद्राची जाहिरात पाहिली. वय अठरा पूर्ण, असं लिहिलं होतं. कुठवर चालेल ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून तिने अर्ज भरला. केंद्राच्या संचालिकाबाईंना तो इतका आवडला की त्यांनी होकार कळवून टाकला आणि मुलाला नंतर सांगितलं. नवरा एवढंच म्हणाला, "जा. चार महिन्यांनी त्याच्या जागी तूच प्रमुख झालेली असशील." नवऱ्याचं बोलणं मनावर न घेण्याची तिला सवय होती.

नियम सरळ होता. आठवडाभर शिकायचं, शनिवारी परीक्षा. पास होईल त्याच्या गळ्यात केंद्राचा हिरवा स्कार्फ पडायचा आणि तो हंगामभर राहायचा. नापास झालेल्याने रविवारच्या बसने घरी जायचं. तिला त्या स्कार्फचं काडीचं कौतुक नव्हतं. तिला लेकाजवळचे चार महिने हवे होते.

सोमवार-मंगळवार ती सगळ्यांच्या पुढे होती. संडास तिने असे घासले की संचालिकाबाई आत डोकावून नुसत्याच उभ्या राहिल्या. चादरीच्या शिकवणीत प्रत्येकाला एक पलंग लावायचा होता, तिने अकरा लावले. तिच्या खोलीत एक वीस वर्षांची उंच मुलगी होती, तिला सगळे शिडी म्हणत. शिडीने संध्याकाळी कपाट उघडलं तर तिचे सगळे मोजे जाडीप्रमाणे लावलेले. शिडीने मनापासून आभार मानले, आणि पुढचे दोन दिवस तिला एकही मोजा सापडला नाही.

बुधवारी मात्र माशी शिंकली. त्या दिवशीच्या शिकवणीचं नावच होतं 'हात पाठीमागे'.

"मुलांचं काम मुलांनी करायचं," प्रमुख म्हणाला. "आपण एकदा दाखवायचं. मग हात पाठीमागे आणि तोंड बंद. कुणाला इजा होणार असेल तरच पुढे व्हायचं."

"आणि त्यांना जमलं नाही तर?" तिने विचारलं.

"तर नाही जमलं."

तिला हे क्रूर वाटलं, पण आईबापांना पोरांचं सगळंच क्रूर वाटतं म्हणून ती गप्प बसली. सरावाला शिडी लहान मूल झाली आणि तंबू लावायला लागली. नवशिक्यांनी एकेक करून तिच्यासमोर उभं राहायचं होतं. हिची पाळी आली. शिडीने खुंटी चुकीच्या जागी ठोकायला घेतली, तेव्हा हिने हात पाठीमागेच ठेवले आणि पायाने खुंटी हळूच वीतभर सरकवली.

"नियमात पायाचं काही नव्हतं," ती म्हणाली.

प्रमुखाने नियमात पाय घातला. मग शिडीने खांब उलटा धरला आणि हिला खोकला आला. खांब सुलटा होईपर्यंत तो थांबला नाही. प्रमुखाने नियमात खोकलाही घातला.

गुरुवारी त्याने तिला चादरी वाळवायच्या खोलीत गाठलं. तिथे दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे अहो-जाहो संपलं.

"आई, तुला कळतंय का तू काय करतेस?"

"मदत करते."

"दहावीपर्यंत माझ्या वहीतल्या सगळ्या आकृत्या तू काढल्यास."

"मार्क पडले ना पण?"

"वहीचे पडले. परीक्षेत बेडूक काढायला आला तेव्हा तू कुठे होतीस?"

"पालकांना आत सोडत नव्हते," ती म्हणाली, आणि हे तिने अगदी खरं दुःख म्हणून सांगितलं.

त्याने एक चादर ओढली, तिने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती घडी केली. हे एक काम त्यांना न भांडता जमत असे.

"शनिवारी मी परीक्षक आहे," तो म्हणाला. "तू मध्ये पडलीस तर मी नापास करीन. लोक म्हणतील, आई म्हणून सोडलं."

"तुला मी इथे नकोच आहे का?"

"अजून चाळीस चादरी आहेत," तो म्हणाला.

हे काही उत्तर नव्हतं. तिला फार लागलं. पण रडत बसायचा तिचा पिंड नव्हता. शुक्रवारी दुपारी तिने शिडीला सदऱ्याचं बटण लावायला बसवलं आणि अर्धा तास समोर हात पाठीमागे बांधून उभी राहिली. शिडीने बटण लावता लावता सदरा मांडीवरच्या पायजम्याला शिवला. ती बघत राहिली. एवढं सोसलं म्हणजे आता काहीही सोसेन, असं तिला वाटलं.

शनिवारी सकाळी तिच्या वाट्याला नऊ-दहा वर्षांची सहा पोरं आली. त्यांनी लाकडं पेटवून किटलीभर पाणी उकळायचं, त्याचा कोको करायचा. काडेपेटीत मोजून दहा काड्या. संचालिकाबाई फाइल घेऊन एका बाजूला, प्रमुख दुसऱ्या बाजूला. तिने एकदा शेकोटी रचून दाखवली, मोडली, आणि मागे सरून हात पाठीमागे घेतले.

पोरांनी सर्वात जाड ओंडका निवडला आणि त्याला काडी लावली. ओंडक्याने दाद दिली नाही. त्यांनी दुसरी लावली. चौथ्या काडीनंतर दोघं भांडली, सहाव्यानंतर एक पोरगी म्हणाली की लाकूडच खोटं आहे. एवढ्यात पावाची गाडी आली म्हणून ऑफिसातून हाक आली आणि संचालिकाबाई उठून गेल्या. आठवी काडी वाऱ्याने विझली. उरल्या दोन. त्या पोरीचा ओठ थरथरायला लागला.

पाठीमागे एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं ते सुटलं. हात शिवशिवत होते म्हणणं कमीच. ते तिचे राहिलेच नव्हते. ती कमरेतून वाकायला लागली.

"खाली बारीक काटक्या घाला रे! आणि वाऱ्याकडे पाठ करून बसा!"

हे प्रमुख बोलला होता.

ती तशीच अर्धी वाकलेली थांबली. पोरांनी काटक्या घातल्या, वाऱ्याकडे पाठ केली, आणि नववी काडी लागली. धूर आला, मग जाळ आला. पोरं नाचली. मायलेकरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दोघांनी किटलीकडे पाहिलं.

किटली वाजायला लागली तेव्हा संचालिकाबाई परत आल्या. "अरे वा! आपलं आपण पेटवलं?"

पोरं प्रमुखाकडे बघायला लागली. प्रमुख किटलीकडेच बघत होता. ती गप्प राहिली असती तर पास होती. गप्प राहणं तिला येतही होतं: शाळेत त्याच्या पोटदुखीच्या अकरा चिठ्ठ्या तिने स्वतः लिहिल्या होत्या आणि त्यातल्या एकाही दिवशी त्याचं पोट दुखलं नव्हतं. पांघरूण घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "प्रमुखांनी सांगितलं त्यांना."

संचालिकाबाईंनी त्याच्याकडे वळून विचारलं, "खरं?"

त्याची कानशिलं लाल झाली. सव्वीस वर्षांचा बाप्या, पण ती कानशिलं तिला पाळण्यापासून ओळखीची होती. त्याच्या वतीने द्यायचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, नेहमीच असायचं: अहो, त्याचा दोष नाही, मीच वाकत होते. तिने दात घट्ट मिटले. हे कठीण गेलं. शेकोटी त्यापुढे काहीच नव्हती.

"खरं," तो म्हणाला. "त्या वाकणार होत्या. वाकल्या असत्या तर नापास झाल्या असत्या. म्हणून मी बोललो."

बाईंनी फाइलमध्ये बराच वेळ लिहिलं. "परीक्षा रद्द," त्या म्हणाल्या. "सोमवारी नवीन मुलं येतायत, तेव्हा पुन्हा. परीक्षक दुसरा असेल. आणि प्रमुख, बुधवारची शिकवणी तुम्ही पुढच्या तुकडीबरोबर परत करायची. विद्यार्थी म्हणून."

पोरांनी कोको केला. निम्मा सांडला, उरलेल्यात गाठी होत्या, आणि त्यांनी तो मोठ्या अभिमानाने सगळ्यांना पाजला. मग बाई ऑफिसात परतल्या, किटली घासायला पोरंच गेली, आणि शेकोटीपाशी दोघंच उरली. तो तिच्या शेजारी ओंडक्यावर येऊन बसला.

"रागावलास?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "परवा तू विचारलंस ना, चादरींपाशी. तेव्हा मी... म्हणजे मला त्या वेळी..."

तो अडला. त्याला काय म्हणायचंय ते तिला कळलं होतं. तो बोलायला शिकल्यापासून त्याची अडलेली वाक्यं तीच पुरी करत आली होती, आणि हेही तिच्या ओठांवर आलं होतं. तिने विझत आलेल्या निखाऱ्यांकडे बघत ते गिळलं. तो अजून दोनदा 'म्हणजे' म्हणाला. लांबून पोरांच्या भांडणाचा आवाज येत होता. ती थांबली.

"मला भीती वाटली," तो म्हणाला, "की तू उद्याच्या बसने जाशील."