शेवटचा तुकडा

इकडे स्वीडनमध्ये, आमच्या गावात, ताटलीतला शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. ‘लागोम’ राहावं, म्हणजे बेतानं राहावं, सुख त्यातच आहे, असं इथं बाळकडूतूनच पाजतात.

म्हातारा आल्गोत त्या दिवशी शेजारच्या स्वेआकडे कॉफीला गेला, तो मनात एकच गोष्ट धरून. चारच्या बसनं ती कायमची माल्मो शहरात लेकीकडे जाणार होती. ‘जाऊ नकोस, माझ्या घरी राहा,’ एवढंच त्याला म्हणायचं होतं. दालचिनीचे बन संपले की बोलू, असं त्यानं ठरवलं.

ताटलीत शेवटचा बन उरला.

“घे की रे! लाजतोस काय नवऱ्या मुलासारखा?”

“अर्धा घेतो. उरलेला तुझा.”

तिनं उरलेल्यातला अर्धा घेतला, त्यानं त्यातलाही अर्धा. मग सुरी आली, सुरीनंतर दाढीचं पातं, आणि खोटं वाटेल, पण अखेर चष्म्यावर चष्मा चढवून दोघं एक कण सुईनं चिरत बसली.

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

“काही बोलायचं होतं का रे तुला?” दारात थबकून स्वेआनं विचारलं.

आल्गोतनं तोंड उघडलं. पण हे मागणं फार मोठं होतं, आणि ते अर्धं करून मागता येत नव्हतं.

“जपून जा,” तो म्हणाला.

तिनं गळ्यातला रुमाल उगाच पुन्हा बांधला. मग तिनं बॅग उचलली.

बस वळणाआड गेल्यावर तो रिकाम्या रस्त्याला म्हणाला, “राहा ना गं.”