दारापेक्षा चार बोटं रुंद

विषय क्रमांक चार: बाकाचे उद्घाटन.

(एक, दोन आणि तीन हे विषय चहात विरघळले. दर गुरुवारी विरघळतात.)

सेवा मंडळाच्या चिटणीस टेलरबाई. इतिवृत्तात त्यांनी लिहिलं: बाक तयार आहे. खोटं नव्हतं. मंडळाचा नियम असा, की ठरावाला नुसता हात वर करून भागत नाही, कामालाही हात लावावा लागतो. म्हणून नऊ गुरुवार, सभा संपली की अर्धा तास, सगळ्यांनी इथेच खोलीत फळ्या घासल्या. घरातलं मूल रोजच्या बघण्यात वाढतं आणि कळतही नाही, तसा बाक वाढला.

आज तो उचलला. दारापर्यंत नेला.

मग आडवा केला. मग उभा. मग तिरका.

इतिवृत्त: बाक दारातून जात नाही.

"चार बोटं," सुतारकाका म्हणाले, आणि उगाच छताकडे बघू लागले.

"टेलरबाई," अध्यक्षांनी, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, चष्मा पुसला. "जन्मभर लोकांची मापं घेतलीत, आणि दार राहिलं?"

"दाराने कधी ब्लाउज शिवायला टाकला नाही."

हशा. पण बाई टेप काढून दार पुन्हा मोजत होत्या.

कारण, जे इतिवृत्तात नाही: हा बाक बाईंच्या आत्यासाठी होता. चढाच्या वरच्या टोकाला वाचनालय, खाली आत्याचं घर, मध्ये वळणावर ही मंडळाची खोली, पण वाटेत टेकायला एक दगडसुद्धा नाही. चार महिने आत्या वर गेली नव्हती. वाचनालयातली मैत्रीण चिठ्ठ्या पाठवायची, आत्या त्या उशीखाली ठेवायची. बाईंनी गुपचूप तिच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत टेप लावून माप घेतलं होतं. साडेसतरा इंच. बाकाची उंची तेवढीच.

"बाक खोलून घेऊ," अध्यक्ष.

"एकही स्क्रू नाही त्यात," सुतारकाका अभिमानाने म्हणाले, आणि मग अभिमान गिळत, "सगळे सांधे खाचेत बसवून चिकटवलेले. निघायचे नाहीत."

"मग दाराची चौकट उपटू. मला सवय आहे."

"तीही मीच बसवलीय. तीस वर्षांपूर्वी. तीही निघायची नाही."

"काका, तुम्ही निघणारं असं काही केलंय का हो आयुष्यात?"

शेवटी अध्यक्षांनी सुचवलं, पाय पाच इंच कापू, मग तिरका निघेल. मतदान. हात वर जाऊ लागले. एक, दोन, चार...

"नाही!" टेलरबाई उभ्या राहिल्या. "पाच इंच कापलेत तर ती बसेल. उठणार नाही."

हात अधांतरी राहिले. दारात कुणीतरी धापा टाकत होतं.

आत्या. उद्घाटनाला बोलावलेली.

ती सरळ आत आली, बाकावर बसली, काठी मांडीवर आडवी घेतली. पाय जमिनीला नीट टेकले.

"झकास," ती म्हणाली. "तुम्ही सगळे दारात का अडकलाय?"

"आत्या, बाक बाहेर जात नाहीये गं," टेलरबाई म्हणाल्या. " वळणावर ठेवायचा होता, तिथे, बघ, तीन पावलांवर."

"तिथे? उन्हात?" आत्याने पाठ टेकली. "मला भाजून काढायचा बेत होता होय तुमचा? इथे सावली आहे. चहापण दिसतोय."

मग सुतारकाकांनी पिशवीतून पेचकस काढला आणि काही न विचारता बिजागऱ्यांपाशी बसले. चौकट राहिली, दाराचं पान निघालं. ते त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं.

"कुलूप लावायची कटकटच नको," ते म्हणाले.

"आणि मंडळाचं कपाट?" अध्यक्ष.

"त्यात काय आहे? तुमची भाषणं. नेऊ देत चोरांना."

इतिवृत्त: बाक आहे तिथेच राहील. दिवसभर कुणीही येऊन बसावे. ठराव एकमताने मंजूर. (आत्या सभासद नाही, तरी तिने हात वर केला. मोजला.)

सात मिनिटांनी आत्याने चहाचा कप खाली ठेवला, काठी रोवली आणि एका झटक्यात उठली. टेलरबाई पुढे झाल्या.

"तू बस," आत्या म्हणाली. "तुझी सभा चालू आहे ना? येताना पुन्हा टेकेन."

दार नव्हतं, त्यामुळे ती चढ चढताना सगळ्यांना शेवटपर्यंत दिसली. वाचनालयाच्या पायरीवर तिने काठी हवेत उंच केली.

विषय क्रमांक पाच कुणालाच आठवला नाही.