नाण्याच्या मधोमध

मी पंच बोलतोय. मैदानावर बोट वर करून खेळाडूला बाहेर काढणारा पंच नव्हे, आणि भांडणात निवाडा देणाराही नव्हे. मी पोलादाचा पंच. माझ्या डोक्यावर हातोडा बसला की खालच्या नाण्याला मी मधोमध गोल भोक पाडतो. मग ते नाणं निमुळत्या सळईवर हळूहळू ठोकत नेलं की त्याची अंगठी होते. चलनातून बाद झालेल्या, पेटीत पडून राहिलेल्या कितीतरी नाण्यांना मी बोटावर बसवलंय. हे काम माझ्याइतकं स्वच्छ करणारं दुसरं कुणी या खोलीत नाही, हे मी छाती ठोकून सांगतो.

माझा जन्म एका मोडक्या यंत्राच्या दांड्यातून झाला. मालक तेव्हा कारखान्यात लेथवर, म्हणजे कातयंत्रावर, होते. जुनी यंत्रं भंगारात निघाली तेव्हा त्यांनी साहेबांना विचारून तो दांडा घरी आणला. घरामागच्या पत्र्याच्या खोलीतल्या छोट्या जुन्या लेथवर त्यांनी मला कातलं, लाल होईपर्यंत तापवून तेलात बुडवलं आणि धार लावली. मालकीणबाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, की एवढ्या खटाटोपातून झाला तो हा खिळाच ना? मला त्यांचा थोडा राग आला होता.

पहिल्या काही अंगठ्या फसल्या. मालक मध्य डोळ्यांच्या अंदाजानं काढत, त्यामुळे अंगठी एका बाजूला दाढ दुखणाऱ्याच्या गालासारखी फुगायची आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ व्हायची. मालकीणबाई शिवणकाम करायच्या. त्यांनी नाण्याएवढा गोल कागद कापला, त्याची घडी घातली, घडीवर आडवी घडी घातली, आणि दोन्ही जिथे भेटल्या तिथे सुईनं टोचलं. कागद नाण्यावर ठेवला की मध्य सापडला. मालकांनी तेव्हा नुसतं ‘हं’ केलं. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कात्री घेऊन कागदाच्या चकत्या कापत बसले होते, आणि मालकीणबाई शिलाई मशीनमागून पाहून न पाहिल्यासारखं करत होत्या.

मग आमचे दिवस छान गेले. कुणी आजोबांच्या कपाटातलं नाणं आणायचं, कुणी बोटीवरच्या भावानं आणलेलं. माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. हातोडा उगारला की सगळे तोंड फिरवतात, आणि भोक पडलं की पहिला प्रश्न एकच, मधला तुकडा कुठे गेला? तो त्यांना हवाच असतो. तो ते खिशात घालतात आणि फाटकापर्यंत जाईतो हरवतात.

मालकांची लेक याच खोलीत लहानाची मोठी झाली. घरात तिला बबी म्हणतात. चालायला लागली तेव्हा तिनं एक नाणं गिळलं. घरात नुसता हलकल्लोळ. डॉक्टर म्हणाले, काही करू नका, केळी खायला घाला आणि वाट पाहा. मालकांनी रजा टाकली आणि लेकीच्या मागे मागे भांडं घेऊन फिरले. नाणं बाहेर आलं तेव्हा मालकीणबाईंनी ते धुतलं, उकळलं, पुन्हा धुतलं आणि सुयांच्या डब्यात ठेवून दिलं. पुढे सरकारनं ते नाणं बंद केलं, तरी डब्यातलं कुणी हलवलं नाही. घरी पाहुणे आले की ही गोष्ट निघायचीच, आणि बबी उठून आत जायची.

बबी मोठी झाली, शहराची बस चालवू लागली, दूरच्या डेपोजवळ राहायला गेली. मालक कारखान्यातून निवृत्त झाले. आणि त्यांचा डावा हात थरथरायला लागला.

हे सगळ्यात आधी मला कळलं. कारण ते मला डाव्या हातात धरत. हातोडा खाली यायचा आणि त्याच क्षणी मी केसभर सरकायचो. मालकांनी आधी दिव्याला दोष दिला, मग चष्म्याला, मग मला. माझी धार गेली म्हणून मला सहाणेवर घासलं. माझी धार उत्तम होती. पण आपला हात ऐकत नाही हे कबूल करण्यापेक्षा पंच घासणं सोपं, हे मी समजून घेतलं.

मग एक शिक्षिका तिच्या वडिलांचं नाणं घेऊन आली. एकुलतं एक. भोक मध्यापासून हटलं. ती पुन्हा पुन्हा म्हणाली, “चालेल हो, छान दिसतंय.” पण तिनं ते बोटात घालून पाहिलं नाही. तसंच पर्समध्ये टाकलं आणि गेली. मालक तिच्या पाठीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला चिंधीत गुंडाळलं, खणात ठेवलं आणि खोलीला कुलूप लावलं. डॉक्टरांनी औषध दिलं, दुखण्याचं नाव सांगितलं. ते बरं होण्यातलं नाही, सांभाळण्यातलं आहे, असंही सांगितलं. मालक ते नाव घरात उच्चारू देत नसत.

खणात मला गंज चढला. मला सवय ठोके खाण्याची, ती शांतता काही मानवेना.

एके दुपारी कुलूप उघडलं. बबी आली होती. तिचं लग्न ठरलं होतं, तिच्याच डेपोतल्या मेकॅनिकशी. नाण्याची गोष्ट त्याला तिनंच सांगितली होती, आणि तो इतका हसला होता म्हणे की तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं, अंगठी त्याच नाण्याची. सुयांचा डबा तिच्या हातात होता.

मालकांनी मान हलवली. सोनाराकडे जा म्हणाले. हे नाणं बिघडलं तर दुसरं कुठून आणायचं?

“बबे, माझा हात आता माझा राहिला नाही,” ते म्हणाले.

बबी सरळ खणाकडे गेली. खण उघडून तिनं मला चिंधीतून सोडवलं आणि बाकावर ठेवलं.

“बाबा, थरथरतोय तो हात. डोकं तर थरथरत नाही ना?”

मालक रागावले आणि उठून गेले. पण सकाळी पाहिलं, तर ते बाकावर पाटी घेऊन बसले होते. रेघा वाकड्यातिकड्या होत्या, पण काय काढलंय ते मला चटकन कळलं. एक जाड पोलादी ठोकळा. त्यात नाणं बरोबर मावेल असा खळगा. वर झाकण, आणि झाकणाला खळग्याच्या नेमक्या मध्यावर भोक, माझ्या अंगाएवढं. म्हणजे मला कुणी धरायलाच नको. मी आपला आपण उभा राहणार, आणि हललो तर फक्त सरळ खाली.

लेथवर मालकीणबाई बसल्या. मालक शेजारी स्टुलावर बसून सांगायचे, त्या कातायच्या. काय ती भांडणं! ते म्हणायचे, अगं घाई करू नकोस, हे पोलाद आहे. त्या म्हणायच्या, अहो, मीही उभा जन्म कापड कापलंय, एकदा कात्री चालली की तेही परत जुळत नाही. खळगा आधी सैल झाला, नाणं आत डुलायला लागलं. दुसरा ठोकळा घेतला. तो जमला. पण त्यावर दुसऱ्या एका बाद नाण्याला भोक पाडून पाहिलं, तर तेही हटलेलं. मालकीणबाईंचा चेहरा उतरला. मालकांनी खळग्यात बोट फिरवलं. थरथरतं बोट, फिरताना सगळीकडे टेकलं, आणि कडेला चिकटलेला कातलेल्या पोलादाचा बारीकसा कीस त्यांना लागला. तो काढला. पुढचं नाणं चोख.

मग बबीचं नाणं खळग्यात बसलं. वर झाकण, झाकणात मी. मालकीणबाईंनी हातोडा उचलला, तर मालकांनी हात पुढे केला.

“आण इकडे. माझ्या लेकीची अंगठी आहे.”

मालकीणबाईंनी हातोडा त्यांच्या उजव्या हातात दिला. आता तोही थोडा थरथरायचा. पहिला घाव माझ्या डोक्याला निसटता लागून झाकणावर गेला. मी जागचा हललो नाही. मालकांनी दम घेतला. दुसरा घाव पुरता बसला. मी नाण्यातून आरपार गेलो आणि मधली चकती टुणकन खाली पडली. त्या दिवशी एकानंही तोंड फिरवलं नव्हतं.

मालकांनी कॅलिपरनं भोकापासून कडेपर्यंतचं अंतर एका ठिकाणी मोजलं, मग त्याच्या बरोबर समोर, मग आडव्या दोन्ही बाजूंना. मोजताना कॅलिपर नाण्यावर टकटक वाजत होता. चारही जागी माप एकच. त्यांनी कॅलिपर मालकीणबाईंच्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. बबी त्यांच्यामागे गेली. दोघांची पाठ माझ्याकडे होती, तेव्हा पुढचं मला सांगता येणार नाही.

अंगठी बबीच्या बोटात चपखल बसली. बसमध्ये कुणी विचारलं, तर ती आता पूर्ण गोष्ट सांगते, भांड्यासकट.

खोलीचं कुलूप पुन्हा लागलं नाही. त्या शिक्षिकेला मालकांनी स्वतःहून निरोप पाठवला. वडिलांचं नाणं आता परत घडत नाही, पण त्याच साली पाडलेलं एक त्यांनी शोधून ठेवलं होतं. ती आली, आणि या वेळी तिनं अंगठी इथेच बोटात घालून पाहिली. आता बहुतेक घाव मालकीणबाई घालतात. हात बरा असेल त्या दिवशी मालक घालतात.

मी मात्र घासून घासून आखूड झालोय. अजून थोडीच धार लावता येईल, मग मी झाकणातून खाली पोचायचा नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. नवा पंच येईल, ठोकळा तोच राहील. तुमच्याकडे मात्र एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाचा हात थरथरू लागला, तर त्याच्या हातातलं काम काढून घेण्याआधी त्याला विचारा, की ठोकळा कसला लागेल.

आज सकाळी काम संपल्यावर मालकांनी मला उचललं आणि अंगठ्यानं माझ्यावर तेलाचा एकच थेंब चोळला. हात थरथरत होता, त्यामुळे तेल आपोआप सगळीकडे पोचलं. कुठेही कोरडं राहिलं नाही.